व्ह्यूज नेमके काय मोजतात?

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे, म्हणजे उभ्या छोट्या व्हिडिओंचे, व्ह्यूज मोजण्याची पद्धत बदलली. त्याआधी शॉर्ट थोडा वेळ तरी पाहिला गेला तरच त्याची नोंद होत असे. त्या दिवसापासून तो नुसता सुरू झाला, किंवा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तरी एक व्ह्यू धरला जाऊ लागला. असंख्य चॅनेलांचे आकडे त्यामुळे एकाएकी वाढले, आणि त्या वाढीसाठी कोणीही आधीपेक्षा चांगला व्हिडिओ केलेला नव्हता. जुन्या पद्धतीचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने चॅनेलमालकाला स्वतंत्रपणे दिसतो, आणि पैसे व पात्रता ठरवताना यूट्यूब तोच विचारात घेते.

त्यानंतर महिन्याभरातच, १ ते ४ मे या काळात, मुंबईत वेव्ह्ज ही दृक्श्राव्य आणि करमणूक उद्योगाची परिषद भरली. तिथे यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितले की मागच्या तीन वर्षांत कंपनीने भारतातील क्रिएटर (म्हणजे व्हिडिओ करणारे), कलाकार आणि माध्यम कंपन्यांना २१,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिली आहे. पाककृती, शेती, गडकिल्ले, स्पर्धा परीक्षा किंवा कीर्तन यांचे व्हिडिओ करणाऱ्या हजारो मराठी माणसांसाठी हा उद्योग आता हौसेपुरता राहिलेला नाही, आणि म्हणूनच पडद्यावरचा आकडा त्यांच्या मनात दिवसभर घोळत असतो. आकडा वाढला की डोक्यात हवा जाते, उतरला की आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते. हा आकडा घडतो कसा हे ज्याला नीट कळते, त्याला अहंकार आवरण्यासाठी वेगळा निग्रह फारसा करावा लागत नाही, कारण फुगण्याचे आणि खचण्याचे बरेचसे कारणच शिल्लक राहत नाही, असे माझे मत आहे. त्यासाठी ही घडण मुळापासून पाहू.

व्ह्यू ही मानलेली गोष्ट आहे

एक किलो म्हणजे किती हे सगळीकडे सारखेच असते. एक व्ह्यू म्हणजे किती हे मात्र प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवते आणि सोयीनुसार बदलते. फेसबुकने अनेक वर्षे तीन सेकंदांचे पाहणे हा व्हिडिओचा व्ह्यू धरला. शॉर्ट्ससाठी आता तेवढीही अट नाही. त्यामुळे एका ठिकाणचे लाख व्ह्यूज आणि दुसऱ्या ठिकाणचे लाख व्ह्यूज यांची तुलना करता येत नाही, आणि एकाच ठिकाणचे २०२४ मधले व २०२६ मधले आकडेही सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

मोजणाऱ्याचीही चूक होते. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवत होते. सरासरी काढताना तीन सेकंदांपेक्षा जास्त पाहणाऱ्यांनाच धरले गेले होते आणि लगेच पुढे सरकलेल्यांना वगळले गेले होते, त्यामुळे ती ६० ते ८० टक्क्यांपर्यंत वाढीव दिसत होती. जाहिरातदारांनी दावा दाखल केला आणि २०१९ मध्ये कंपनीने ४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्या दोन वर्षांत ज्यांनी ‘लोक माझे व्हिडिओ किती वेळ पाहतात’ या आनंदात पुढचे बेत आखले, त्यांचा आनंद एका चुकीच्या भागाकारावर उभा होता.

जागा कोण देते?

इथे दोन पारिभाषिक शब्द लागतील. व्हिडिओचे थंबनेल, म्हणजे वरचे चित्र, किती वेळा कोणाच्या पडद्यावर आले त्या संख्येला इंप्रेशन म्हणतात. त्या दिसण्यापैकी शेकडा किती वेळा त्यावर क्लिक झाले त्या प्रमाणाला क्लिक-थ्रू रेट म्हणतात. व्ह्यूजचा मोठा भाग या दोहोंच्या गुणाकारातून येतो, आणि त्यातला पहिला घटक, म्हणजे व्हिडिओ किती जणांपुढे ठेवायचा हे, अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी कंपनीची संगणकीय यंत्रणा, ठरवतो.

आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला या आठवड्यात वेशीजवळ जागा मिळाली आणि पुढच्या आठवड्यात अगदी मागच्या कोपऱ्यात मिळाली, तर गल्ल्यातला फरक पाहून ती आपली मेथी बिघडली असे म्हणत नाही, आणि वेशीजवळ चांगली विक्री झाली म्हणून गावात आपल्यासारखी भाजी कोणाकडेच नाही असेही मानत नाही. क्रिएटरची अडचण अशी की त्याला आपली जागा दिसत नाही, फक्त गल्ला दिसतो. शिवाय ही जागा प्रत्येक प्रेक्षकासाठी नव्याने ठरते: त्याने आधी काय पाहिले, त्या वेळी आणखी कोणते व्हिडिओ उपलब्ध आहेत, त्या संध्याकाळी क्रिकेटचा सामना आहे का, अशा कितीतरी गोष्टींवर. उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात जितका पाहिला जाईल तितका मार्गशीर्षात पाहिला जाणार नाही, मग पाकळ्या कितीही सुबक पडलेल्या असोत.

सबस्क्रायबर म्हणजे आपली हक्काची माणसे, हाही एक समज आहे. सबस्क्राइब केलेल्या प्रत्येकाला प्रत्येक व्हिडिओ दाखवला जात नाही, आणि पाहणाऱ्यांत सबस्क्राइब न केलेलेच अधिक असणे ही सामान्य बाब आहे. ही संख्या सर्वस्वी आपली नसते याचा सर्वांत कठोर अनुभव भारतीयांना २९ जून २०२० रोजी आला. त्या दिवशी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कलाकारांनी जमवलेले फॉलोअर एका आदेशाने नाहीसे झाले. त्यांची कला त्या रात्री तसूभरही कमी झाली नव्हती.

यशातला नशिबाचा वाटा

लोकप्रियता किती अंशी गुणाची आणि किती अंशी योगायोगाची, याचा एक विलक्षण प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या अभ्यासकांनी अपरिचित बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि १४,००० हून अधिक लोकांना ती ऐकून हवी ती उतरवून घ्यायला दिली. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागले होते आणि त्यांना आपल्याच गटातल्या किती जणांनी कोणते गाणे उतरवले हेही दिसत होते. प्रत्येक गटाची सुरुवात शून्यापासून झाली होती.

गाणी तीच, श्रोते त्याच प्रकारचे, तरीही आठ गटांत लोकप्रियतेचे आठ वेगवेगळे क्रम तयार झाले. एक गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात ४८ पैकी ४०वे. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही घडू शकत होते. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी योगायोगाने जे निवडले त्याचा आकडा वाढला, तो पाहून पुढच्यांनी तेच निवडले, आणि फरक फुगत गेला. आपले बहुतेक व्हिडिओ याच मधल्या पट्ट्यात असतात, हे मनाशी प्रामाणिक राहून मान्य करायला हवे.

याला जोडून आणखी एक गोष्ट येते. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवले की अतिशय उंच आईवडिलांची मुले सरासरीपेक्षा उंच असली तरी सहसा आईवडिलांइतकी टोकाची उंच नसतात. टोकाच्या मोजणीनंतरची मोजणी सरासरीकडे झुकते, आणि जिथे नशिबाचा वाटा असतो तिथे हे घडतेच. व्हिडिओ व्हायरल होतो तेव्हा त्यामागे मेहनतीबरोबर चार अनुकूल योगायोगही एकत्र आलेले असतात. पुढच्या व्हिडिओला ते पुन्हा जमून येण्याचे कारण नसते, म्हणून तो ‘पडतो’. ही घसरण म्हणजे अधोगती असे समजून अनेकजण नेमक्या याच वेळी आपली शैली मोडतात.

अहंकार या ठिकाणी हिशेबात गडबड करतो. व्हिडिओ चालला तर आपली प्रतिभा आणि पडला तर अल्गोरिदमची खोड, असा जमाखर्च मांडला जातो. योगायोग मानायचा असेल तर तो दोन्ही बाजूंना मानावा लागेल.

मनाला त्याची ओढ का लागते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की दर ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर दाणा मिळाल्यावर कबुतर थोडे थांबते. पण दाणा कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या टोचीला मिळत असेल तर ते न थांबता टोचत राहते. केव्हा मिळेल हे ठाऊक नसणे हीच ओढीची जननी आहे. पडदा खाली ओढून आकडा ताजा करण्याची कृती याच जातीची आहे. यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलमालकाला आपले आकडे जिथे दिसतात ते ॲप, तर नव्या व्हिडिओची तुलना लगेच आधीच्या व्हिडिओंशी करून ‘१० पैकी कितवा’ हे सांगतो, आणि तिथे दहावा क्रमांक दिसला की दिवस खराब गेला असे सांगणारे क्रिएटर जगभर आहेत. शेवटच्या दहांत कोणीतरी दहावे असणारच, हे साधे गणित त्या क्षणी आठवत नाही.

याहून खोल परिणाम आवडीवर होतो. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधीच सांगितले. काही दिवसांनी बक्षिसाचा विषय नसताना पाहिले, तेव्हा ही मुले इतर मुलांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळाले होते त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे बिघाड बक्षिसात नव्हता, बक्षिसासाठी काम करण्यात होता. गडावरच्या टाक्यांचा आणि चोरवाटांचा शोध घेत वर्षानुवर्षे भटकलेला माणूस पुढे कोणत्या गडाला किती व्ह्यूज मिळतील हे पाहून वाट धरू लागतो तेव्हा त्याच्या बाबतीत हेच घडत असते, आणि मला हे नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे वाटते.

ही ओढ त्रासदायक आहे हे कंपन्यांनाही नाकारता आलेले नाही. २०१९ मध्ये यूट्यूबने सबस्क्रायबरचा सार्वजनिक आकडा पूर्ण न दाखवता संक्षेपाने दाखवायला सुरुवात केली, तेव्हा दिलेल्या कारणांत क्रिएटरवर येणारा ताणही होता. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने लाइकचा आकडा लपवण्याची सोय सर्वांना दिली.

माप हेच ध्येय झाले की

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलन धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार आज त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो: एखादे माप ध्येय बनले की ते चांगले माप उरत नाही. यूट्यूबचा इतिहास हा या नियमाचा जिवंत नमुना आहे. सुरुवातीला शिफारशी व्ह्यूजवर ठरत, म्हणून भडक थंबनेल लावून क्लिक मिळवण्याचा धंदा फोफावला. २०१२ मध्ये कंपनीने पाहण्याच्या एकूण वेळेला, म्हणजे वॉच टाइमला, महत्त्व दिले. मग व्हिडिओ ताणले जाऊ लागले. मध्येच जाहिरात लावण्यासाठी व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा असण्याची अट होती, म्हणून चार मिनिटांचा विषय दहा मिनिटे आणि काही सेकंदांपर्यंत ओढला जाई. जुलै २०२० मध्ये अट आठ मिनिटांवर आली आणि तेच ताणणे आठ मिनिटांपर्यंत होऊ लागले. कुकरच्या शिट्या किती करायच्या एवढेच हवे असलेला प्रेक्षक त्यात भरडला गेला.

फॉलोअर वाढले म्हणून अधिकार वाढत नाही

अहंकाराची किंमत क्रिएटरपुरती राहत नाही. पाककृतींमुळे दोन लाख फॉलोअर मिळालेल्या व्यक्तीला हळूहळू मधुमेहावरही बोलावेसे वाटते, आणि विनोदी रील करणारा कोणता शेअर घ्यावा हे सांगू लागतो. ऐकणारे बरेच आहेत म्हणजे आपल्याला कळते, हा निष्कर्ष आकड्यावरून निघत नाही. मुंबईतील भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, ऑगस्ट २०२३ मध्ये यासाठीच आपले नियम कडक केले: जाहिरातीच्या संदर्भात गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी हवी, आणि आरोग्य व पोषण यांबद्दल सल्ला द्यायचा तर त्या विषयातली पात्रता हवी व ती दाखवायलाही हवी. नियम नसते तरी ही मर्यादा सभ्य माणसाने स्वतःच पाळायची होती.

‘पण पोट तर आकड्यांवरच आहे’

आक्षेप रास्त आहे, म्हणून कोणता आकडा पैशाशी बांधलेला आहे हे वेगळे काढले पाहिजे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याबरोबर मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा सार्वजनिक वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातींचे ५५ टक्के आणि शॉर्ट्समधल्या वाट्याचे ४५ टक्के क्रिएटरला मिळतात. ही पायरी ओलांडल्यावर सबस्क्रायबरच्या आकड्याला थेट पैसा चिकटलेला नाही. एक लाखाला मिळणारे चंदेरी बटण भिंतीवर शोभते, खात्यात काही भरत नाही.

पैशासाठी पाहायचा आकडा म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे हाती पडणारी रक्कम, आणि ती विषयावर व प्रेक्षकाच्या देशावर फार अवलंबून असते. अमेरिकेत जाहिरातींचे दर भारतापेक्षा सहसा बरेच जास्त असल्याने तिथल्या मराठी कुटुंबांनी आवडीने पाहिलेला लहान चॅनेल मोठ्या चॅनेलपेक्षा प्रत्येक व्ह्यूमागे अधिक कमावू शकतो.

ब्रँडशी दर ठरवताना आपला खरा आवाका सांगावा लागतो, आणि तिथे सरासरी फसवते. समजा शेवटच्या सात व्हिडिओंना ४,०००, ३,५००, ५,०००, २,८००, १,८०,०००, ४,२०० आणि ३,९०० व्ह्यूज मिळाले. सरासरी २९ हजारांच्या वर जाते, पण एक सोडून कोणताही व्हिडिओ तिच्या जवळपासही नाही. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला, ज्याला शाळेत मध्यक म्हणतात, तर ४,००० मिळतात. आपण चार हजारांचे चॅनेल आहोत, एकदा मोठी लाट येऊन गेली आहे. हे मान्य करणाऱ्याचा ब्रँडशी व्यवहार टिकतो, कारण त्याने कबूल केलेले तो पुरे करू शकतो.

‘आकडे पाहिलेच नाहीत तर चुका कशा कळतील?’

आकडे पाहावेत, पण आधी प्रश्न ठरवून. काही आकडे वाटपाबद्दल, म्हणजे व्हिडिओ किती जणांपुढे ठेवला गेला याबद्दल, बोलतात आणि काही कामाबद्दल, आणि शिकण्यासारखे बहुतेक दुसऱ्या प्रकारात असते. त्यांतला सर्वांत उपयोगी म्हणजे रिटेन्शनचा आलेख: व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले होते हे तो दाखवतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो कोसळत असेल तर बहुधा नमस्कार-चमत्कारात वेळ गेलेला असतो, किंवा थंबनेलने कबूल केलेले लवकर समोर आलेले नसते. एखाद्या जागी आलेख वर उसळतो, म्हणजे लोकांनी तेवढा भाग पुन्हा पाहिला. ते आवडल्यामुळे की न कळल्यामुळे, हे आलेख सांगत नाही. पाककृतीत ही उसळी मोजमापाच्या जागी असेल तर बहुधा प्रमाण घाईत सांगितले गेले आहे, आणि खाली प्रतिक्रियांत ‘ताई, पीठ नक्की किती वाट्या?’ असा प्रश्न सापडेल. तो एक प्रश्न त्या व्हिडिओखालच्या दोनशे हृदयचिन्हांपेक्षा अधिक शिकवतो.

वेळही ठरवून घ्यावी. पहिल्या काही तासांच्या आकड्यांवरून करण्यासारखे फारसे काही नसते, फार तर शीर्षक किंवा थंबनेल बदलता येते. स्टुडिओच्या सूचना बंद ठेवून आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी वही घेऊन बसणे, आणि पुढच्या व्हिडिओत कोणती एक गोष्ट बदलायची एवढे लिहून उठणे, हे बहुतेक चॅनेलांना पुरेसे आहे. त्याशिवाय विषयातले जाणकार असलेले आणि तोंडदेखली स्तुती न करणारे एखादे माणूस असावे. फॉलोअर वाढल्यावर अशी माणसे आपोआप दूर सारली जातात, म्हणून त्यांना मुद्दाम जवळ ठेवावे लागते.

‘अहंकार नसेल तर कॅमेऱ्यासमोर उभे कसे राहायचे?’

उभे राहण्यासाठी लागतो तो आत्मविश्वास, आणि तो विषयाच्या तयारीतून येतो. त्याची ओळख अशी की चूक दाखवल्यावर तो कोसळत नाही. ज्याची मान आकड्यावर ताठ झाली आहे, त्याला मात्र दुरुस्ती सुचवणारी प्रत्येक प्रतिक्रिया हल्ल्यासारखी वाटते.

‘मराठीत व्ह्यूज कमी, मग हिंदीत जावे का?’

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक सुमारे ८ कोटी ३० लाख होते आणि हिंदी मातृभाषा म्हणून नोंदवलेले सुमारे ५२ कोटी ८० लाख. म्हणजे मराठी व्हिडिओला मिळालेले ५०,००० व्ह्यूज भाषकांच्या प्रमाणात हिंदीतल्या सुमारे ३ लाख १८ हजारांच्या बरोबरीचे आहेत. ही तुलना न करता हिंदी चॅनेलचा आकडा शेजारी ठेवून स्वतःला कमी लेखणे हा गणितातलाच दोष आहे. हिंदीत प्रेक्षक जास्त आहेत तसे स्पर्धकही जास्त आहेत, हेही त्यात धरलेले नसते.

निर्णय विषयावरून घ्यावा. फोनची परीक्षणे कोणत्याही भाषेत करता येतील, आणि कोणाला ती हिंदीत करावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. पण सातबाऱ्यावर वारसांची नोंद कशी करायची, फेरफार म्हणजे काय, तलाठ्याकडे कोणती कागदपत्रे न्यायची, हे समजावणारा व्हिडिओ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठीच आहे, आणि मध्य प्रदेशातून आलेला व्ह्यू त्याच्या आकड्यात भर घालेल, पण त्या पाहणाऱ्याच्या कामाचा नसेल. अशा व्हिडिओकडे लोक सहसा गरज पडेल तेव्हा शोध घेत येतात, म्हणून पहिल्या आठवड्यात तो स्टुडिओत दहापैकी दहावा दिसला तरी त्यावरून काही ठरवू नये. वर्षभराने स्टुडिओत जाऊन यूट्यूब सर्चमधून आलेले प्रेक्षक तेवढे वेगळे काढावेत, त्यांनी सरासरी किती वेळ पाहिले ते पाहावे, आणि दरम्यान महसूल खात्याचा नियम बदलला असेल तर व्हिडिओ नव्याने करावा.